खाली टाकलेला खडू

सरांनी खडू माझ्या हातात दिला न्हाई. खाली टाकला.

शहाबादी फरशीवर टक् असा आवाज झाला. खडूचे दोन तुकडे झाले. एक घरंगळत बाकाखाली गेला. माझ्याआधी पाटलाचा पोरगा फळ्याकडं गेल्ता, त्याच्या हातात दिल्ता. माझ्या वेळेला खाली टाकला. मी वाकलो अन् उचलला.

तवा मला त्यात काही वाटलं न्हाई, हे आधीच लिहून ठेवतो. रोजचंच होतं. वर्गाबाहेर पाण्याचा माठ होता, त्याला आमच्या आळीच्या पोरांनी हात लावायचा न्हाई. कुणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायचं, न्हाईतर घरी जाऊन. बसायचं दाराशी, चपलांच्या शेजारी. एवढं सगळं असताना खडू खाली पडला तर त्याचं काय वेगळं वाटणार?

जे वेगळं झालं ते पुढं झालं.

भोकरदनची शाळा. मी नववीत. आमच्या आळीतून नववीपर्यंत आलेला मी एकटाच, अन् त्याचा मला माज होता. खोटं कशाला सांगू? माज होता. फळ्यावर गणित होतं, −२क्ष < ६. ज्यांनी शाळा पाहिली न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. बराबरच्या चिन्हाच्या जागी एक चोच असते. चोच उघडी असते ती मोठ्याच्या बाजूला. वजा दोन क्ष हे सहापेक्षा लहान, तर मंग क्ष केवढा, ते काढायचं.

मी दोन्हीकडं वजा दोननं भागलं. क्ष < −३ लिहिलं. मागं फिरलो.

"चिन्ह?" सर म्हणले.

"तेच ऱ्हातं सर."

"वजानं भागलं की चिन्ह उलटतं. सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं सर. पण काहून उलटतं?"

वर्ग हसला. सर पण हसले. "काहून म्हणे! आधी 'का' म्हणायला शिक, मग का ते सांगतो."

"का उलटतं सर?"

"उलटतं म्हणजे उलटतं."

इथं मी बसायला पायजे होतं. बाकीची पोरं बसत होती. पण मी काट्यावरच्या माणसाचा पोरगा. माझा बा आडतीवर हमाल होता. पोती वाहायचा, अन् मिरचीच्या दिवसात काटा धरायचा. काटा म्हंजी आताचा न्हाई. लाकडी तिवईला टांगलेली लोखंडी दांडी, दोन्हीकडं साखळ्यांनी लटकलेली पारडी. पहिल्या मापाला बा 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणायचा. लाभ, दोन, तीन. सगळेच मापाडी तसं म्हणतात, पहिल्या मापाला बरकत असावी म्हणून. मीबी लहानपणी तसंच मोजायचो. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी मोजायला लावलं तवा मी 'लाभ, दोन' म्हणलो, अन् तवापासून सगळी शाळा मला 'लाभ्या' म्हणायची. सरसुद्धा. माझ्या नावानं मला त्या शाळेत हाक आलेली आठवत न्हाई.

तर मी काटा बघत वाढलेला. दोन पारडी. एक जड, एक हलकं. दोन्हीतून सारखं काढा, जड ते जडच ऱ्हातं. दोन्हींचं निम्मं करा, तरी जड ते जडच. हे मी डोळ्यानं बघितलेलं होतं. मंग नुसत्या भागाकारानं जड पारडं हलकं कसं होईल?

तेच मी बोललो. "सर, काट्यात जड असतं ते जडच ऱ्हातं. उलटायचं कारण न्हाई."

हसणं थांबलं. सर खुर्चीतून उठले. ओरडले न्हाईत. ओरडले असते तर मी विसरलो असतो. वर्गाकडं तोंड करून ते सावकाश म्हणाले, "बघा रे. पोत्याखाली दबून दबून यांच्या मेंदूचा भुसा झालेला असतो. बापाचा झाला, पोराचा झाला. यांना काटा कळतो. गणित कळत नाही."

मंग आमच्या जातीचं नाव घेतलं. ते नाव मी घरात रोज ऐकायचो, त्यात काही लाज न्हवती. त्यांच्या तोंडातून आलं तसं मी कधी ऐकलं न्हवतं. ते इथं लिहिणार न्हाई.

"पूस तो फळा."

मी डस्टर बघायला लागलो.

"डस्टर नाही. अंगातल्या सदऱ्यानं पूस."

सदरा काढला. पुसला. चिन्ह पुसलं, वजा तीन पुसलं. पांढरा भुगा तोंडावर आला. उघड्या अंगानं फळ्यापाशी उभा राह्यलो अन् परत म्हणलो, "सर, काहून उलटतं ते सांगा. मी बसतो."

सरांनी पुढच्या बाकावरच्या पोराला खूण केली. मी वापरलेला खडू त्यानं कागदात धरून उचलला अन् खिडकीबाहेर फेकला. तो परत डब्यात गेला न्हाई. घंटा होईपर्यंत मी तसाच उभा. घंटा झाली. सर गेले. उत्तर न्हाई.

दुसऱ्या दिवशी बा ला बोलावणं आलं.

आता हे ध्यानात घ्या. ज्या आडतीवर बा हमाली करायचा, ती आडत सरांच्या थोरल्या भावाची. त्या आडतीवरूनच बा उठून आला. खांद्याला पोत्याचं बारदान तसंच. हेडमास्तरांच्या खोलीत आत बोलावलं न्हाई. उंबऱ्याच्या बाहेर उभं केलं. सरांनी एक कागद लिहून आणला होता. माझ्याच हातात दिला, बा ला दाखव म्हणून. मी वाचला. लिहिलं होतं, घरच्या अडचणीमुळे मुलगा स्वखुशीने शाळा सोडत आहे, दाखला मिळावा.

मी म्हणलो, "बा, यात खोटं लिव्हलंय. आपल्या घरी काय अडचण हाय?"

बा नं माझ्याकडं बघितलं न्हाई. सरांकडं बघितलं. सर खिडकीकडं बघत होते. शाईची डबी उघडीच होती. बा नं अंगठा बुडवला, कागदावर दाबला, अन् उरलेली शाई डोक्याच्या केसाला पुसली. जन्मभर त्यानं अंगठ्याची शाई अशीच पुसली. आडतीवर, सोसायटीत, चावडीत. पुढं त्याचे केस पांढरेफट्ट झाले, तरी मला त्यात निळं दिसायचं.

घरी येताना तो एकच बोलला. "काटा धरायला शीक."

शिकलो. बा थकल्यावर काट्यापाशी मी उभा राह्यलो. सगळी उमर त्यात गेली. लोक म्हणत, हा माणूस काटा मारत न्हाई, याच्याकडूनच तोला. मला त्याचं कौतुक न्हवतं. माझा घोर दुसराच होता. दांडी एका बाजूला झुकली की मला ती चोच दिसायची. दुसऱ्या बाजूला झुकली की उलटी चोच. दिवसभर माझ्या डोळ्यापुढं ते चिन्ह उघडायचं अन् मिटायचं. शेजारी कुणाच्या हातून काही पडलं, टक् झालं, की मान वळायची. पोरं गोट्या खेळायची तरी वळायची. लग्नात अक्षता टाकताना कुणाची सुपारी फरशीवर पडली तरी मी खाली बघायचो. बायको म्हणायची, "काय हरवलंय तुमचं? सारखं खाली काय बघता?"

घराच्या मातीच्या भिंतीवर मी कोळशानं ते गणित लिहून ठेवलं होतं. −२क्ष < ६. खाली माझं उत्तर. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला बायकोनं भिंत पांढऱ्या मातीनं पोतारली, गणित गेलं. भिंत वाळल्यावर मी परत लिहिलं. तवा ती भांडली.

"लक्षुमीच्या सणाला भिंतीवर हे काय काळं केलंय? शेजारणी इचारत्यात, तुमच्यात कुणाला झपाटलंय का म्हणून."

"सांग, झपाटलंय म्हणून."

पुढच्या सालापासून ती तेवढा तुकडा सोडून पोतारायला लागली. तिला लिहिता वाचता येत न्हवतं, पण त्या ओळीला तिचा हात परत कधी लागला न्हाई.

बा गेला तो गोधडीवर पडून पडून गेला. शेवटी शेवटी बोलत न्हवता. डोळे मिटलेले. फक्त उजवा अंगठा हलत होता. गोधडीवर दाबायचा, उचलायचा. परत दाबायचा. आलेले लोक म्हणले, हमालाचा हात हाय, काम आठवून राह्यला.  मी तो अंगठा हातात धरून बसलो, तर तो माझ्या तळहातावर दाबायला लागला.

ते दाबणं अजून गेलेलं न्हाई. हा कागद लिहितानासुद्धा तळहाताला कळून राह्यलं.

दिवस बदलले. आडतीवर इलेक्ट्रॉनिक काटा आला. दांडी न्हाई, पारडं न्हाई, नुसते लाल आकडे. माझं काम सुटलं. पोरगा शहागडला हायवेवर टायरच्या दुकानात लागला, सणावाराला येतो. सून रोजानं मिरची तोडायला जाते. बायको आता न्हाई, घरात दिवसभर मी अन् नात. तिचं नाव प्रतीक्षा. भोकरदनला शाळेत जाते, बसनं. ज्या शाळेतून मला काढलं ती न्हाई, दुसरी. पण ती बी नववीत आली, अन् मला झोप लागंना झाली.

एक दिवस ती भिंतीपुढं उभी राह्यली. लहानपणापासून ती ओळ बघत आलेली, पण त्या दिवशी वाचली.

"आबा, हे चुकलंय."

"काय चुकलंय?"

"चिन्ह. उलटायला पायजे होतं. क्ष हा वजा तीनपेक्षा मोठा."

मी ताडकन उठलो. म्हातारा माणूस असा उठत न्हाई. "काहून?" मी म्हणलो. आवाज चढला माझा. "काहून उलटतं ते सांग. उलटतं म्हंजी उलटतं, असं सांगायचं न्हाई."

पोरगी बिचकली. मंग म्हणाली, "क्षच्या जागी शून्य टाकून बघा. वजा दोन गुणिले शून्य, शून्य. शून्य सहापेक्षा लहान हाय का?"

"हाय."

"म्हंजी शून्य चालतो. पण तुमच्या उत्तरात शून्य बसतो का? शून्य वजा तीनपेक्षा लहान हाय का?"

न्हवता. माझ्या उत्तरात शून्य बसत न्हवता. एवढा साधा शून्य मी जन्मात टाकून बघितला न्हवता.

"हे चुकलं ते कळलं," मी म्हणलो. "पण काहून?"

तिलाबी ते सांगता येईना. विचार करते म्हणाली. मंग एका सकाळी सुनेचा डबा द्यायला आम्ही दोघं मळ्यात गेल्तो. तिथं शेततळं हाय, कागद अंथरलेलं. हवा न्हवती, पाणी आरशासारखं. आम्ही दोघं काठावर उभे. पोरगी एकदम म्हणाली, "आबा, हलू नका. पाण्यात बघा."

बघितलं.

"पाण्याचं तोंड म्हंजी शून्य. वर अधिक, खाली वजा. तुम्ही उंच, मी बुटकी. इथं वर कुणाचं डोकं वर हाय?"

"माझं."

"अन् पाण्यात कुणाचं जास्त खाली गेलंय?"

मी बघत राह्यलो. पाण्यात माझा फेटा तिच्या डोक्याच्या किती तरी खाली होता.

"वजानं गुणलं, भागलं, म्हंजी सगळं पाण्यात उलटं उतरलं. जो वर मोठा, तो तिथं खालचा. म्हणून चिन्ह उलटतं. अन् तुमचा काटा न्हाई का, त्याच्यात वजा वजन ठेवताच येत न्हाई. म्हणून तुम्हाला ते दिसलं न्हाई."

मी चुकलो होतो. बिलकुल चुकलो होतो. सर बराबर होते. हे मी लपवत न्हाई, लपवायचं कारण न्हाई. पोरगं चुकतंच, म्हणून तर त्याला शाळेत घालतात.

पण मी काठावरून हललो न्हाई. एवढंच होतं? हे सांगायला नववीतल्या पोरीला पाण्याची कड पुरली. शाळेच्या मागं विहीर होती. सरांनी मला विहिरीच्या काठावर नेऊन उभं केलं असतं तर? न्हाई नेलं. आमची सावली विहिरीत पडू द्यायची न्हाई, अशीच ती विहीर होती. माझं एक चिन्ह चुकलं, त्याला सरांनी सदरा काढायला लावला, बापाचा मेंदू काढला, बा चा अंगठा काढला. ते काही गणित न्हवतं.

त्या दिवशी मी भिंतीवरचं उत्तर पुसलं अन् बराबर लिहिलं. वाटलं, सुटलो. मला ती चोच आता दिसणार न्हाई. पण ते तसं झालं न्हाई. उत्तर मिळालं, तरी तळहातावर अंगठा दाबतच राह्यला.

मंग चाचणीचा पेपर आला. पोरगी घरी आली ती गुमसुम. दप्तर ठेवलं, चुलीपाशी बसली.

"काय झालं माय?"

पेपर पुढं केला. लाल गोल काढलेला. तिचं गणित असं होतं, वर एक, खाली पाचचं वर्गमूळ. छेदातलं मूळ घालवायचं. छेदाचं परिमेयीकरण म्हणतात त्याला, हा शब्द मी तिच्याकडूनच शिकलो. खालच्याला पाचच्या मुळानं गुणलं की खाली सरळ पाच येतात. पण खाली जेवढ्यानं गुणलं तेवढ्यानंच वर पण गुणायचं, न्हाईतर किंमतच बदलते. पोरीनं खाली गुणलं अन् वर गुणायचं राह्यलं. उत्तर एक पंचमांश लिहिलं.

"खालचं घालवायचं ध्यानात ठेवलं," ती म्हणाली, "वरचं ध्यानातच न्हाई राह्यलं."

"मंग त्यात रडायचं काय? चुकलं ते कळलं ना."

"त्याच्यासाठी न्हाई रडत." ती जमिनीकडं बघत होती. "मी हेडसरांना विचारलं, खाली मूळ का ठेवायचं न्हाई? ठेवलं तर काय बिघडतं? गणित तेच शिकवतात. ते म्हणले, नियम आहे. मी परत विचारलं. तर म्हणले, उद्या घरच्यांना घेऊन ये."

चुलीवर तवा तापलेला होता. मी तो उतरवायचं विसरलो. मला शहाबादी फरशी दिसली. टक् आवाज आला. घरात कुठंच काही पडलं न्हवतं.

सकाळी मी धोतर बदललं, फेटा बांधला. ट्रंक उघडली अन् माझा जुना दाखला बंडीच्या खिशात टाकला. काहून टाकला ते तवा माहीत न्हवतं.

आता मी तयार होऊन गेल्तो. खडू खाली टाकणार, उंबऱ्याबाहेर उभं करणार, जातीवर जाणार. त्यासाठी तयार होतो. त्यातलं काहीच झालं न्हाई.

"या आबा, या. बसा," हेडमास्तर म्हणले. स्वतः उठून खुर्ची दिली. चहा मागवला. कपबशीत चहा. पंखा माझ्याकडं फिरवला. माणूस गोड. पोरगी भिंतीला टेकून उभी होती.

"मुलगी गुणी आहे हो. वागायला अगदी चांगली. पण गणित तिच्या आवाक्यातलं नाही. पुढच्या वर्षी दहावी. आपल्या शाळेचा निकाल शंभर टक्के असतो, तुम्ही बाहेर बोर्ड बघितलाच असेल. तर तिच्याच भल्याचं सांगतो. शाळेतून नाव काढून घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. ताण नाही, रोजचं येणंजाणं नाही. आणि आपल्याला काय, मुलीची जात, दहावी झाली म्हणजे झालं. पुढं लग्नच तर करायचं."

मंग एक कागद पुढं सरकवला. टाइप केलेला. पेन त्याच्यावर ठेवलेला.

मी चष्मा लावला. सावकाश वाचला. घरगुती कारणामुळे पाल्य स्वखुशीने शाळा सोडत आहे.

तेच. तेच वाक्य. शाईच्या जागी टाइप. डबीच्या जागी पेन. बा ला उंबऱ्याबाहेर उभं केलं, मला खुर्ची दिली, चहा दिला. कागद तोच.

"स्वखुशीने," मी मोठ्यानं वाचलं. "कुणाच्या खुशीनं?"

"ते आपलं असंच लिहायचं असतं आबा. फॉरमॅट असतो."

"सही न्हाई केली तर?"

त्यांनी चहाचा कप इकडचा तिकडं केला. "तसं आम्हाला काढता येत नाही. नियम नाही तसा. पण उद्या नापास झाली तर जबाबदारी तुमची."

तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. शेततळ्यापाशी पडला न्हवता एवढा. काढता येत न्हाई. म्हणून सही पायजे. म्हणून खुर्ची, म्हणून चहा, म्हणून पंखा. सही माझी लागते, म्हंजी जोर माझ्या हातात हाय. अन् बा चा अंगठा लागला होता, म्हंजी त्या दिवशी जोर बा च्या हातात होता. उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या त्या माणसाच्या अंगठ्यावाचून सरांचं अडलं होतं. अन् बा ला ते कुणी सांगितलं न्हाई. माझ्या बा नं स्वतःचा जोर शाईत बुडवून त्यांना देऊन टाकला अन् उरलेला केसाला पुसला.

मी पेन उचलला. हेडमास्तर पुढं झुकले. मी पेन त्यांच्या खिशाला नेऊन लावला.

"सर, एक इचारू का? वर्गमूळ खाली काहून ठेवायचं न्हाई?"

ते हसले. सुटका झाल्यासारखे. "अहो, सोपं आहे. पाचचं वर्गमूळ म्हणजे दोन पूर्णांक दोनशे छत्तीस सहस्रांश आणि पुढे चालूच. त्यानं एकाला भागत बसायचं म्हणजे कटकट. तेच मूळ वर नेलं की त्याला सरळ पाचानं भागायचं. हिशेब सोपा होतो, बस. बाकी काही नाही."

"झालं?"

"झालं."

"मंग एवढं तुम्ही पोरीला काल काहून न्हाई सांगितलं?"

हेडमास्तरांनी घड्याळाकडं बघितलं.

"पोर्शन संपवायचा असतो आबा. प्रत्येकाच्या प्रत्येक प्रश्नाला—"

"प्रत्येकाच्या न्हाई. हिच्या. तिनं इचारलं म्हणून तुम्ही मला बोलावलं. न इचारता चुकली असती तर बोलावलं असतं का?"

 पोरगी भिंतीपासून सुटून माझ्या खुर्चीमागं आली.

"तिनं खाली गुणलं, वर न्हाई गुणलं. तुम्ही लाल गोल काढला. बराबर काढला, मी काही म्हणत न्हाई. पण तुम्हीबी तेच करून राह्यले सर. सुधारायचं ते खालच्यानंच. तिनंच अभ्यास करायचा, तिनंच गप बसायचं, तिनंच घरी जायचं. अन् वर? वर काहीच बदलायचं न्हाई. तुमचं गणित चुकून राह्यलं."

"आबा, तुम्ही भावनेच्या भरात—"

"भरात न्हाई. मी काट्यावरचा माणूस. भरात बोलत न्हाई." मी बंडीतून दाखला काढला. घड्या उसवलेल्या, कडा पिवळ्या. टेबलावर त्यांच्या टाइप केलेल्या कागदाशेजारी पसरला. "वाचा. शाळा सोडल्याचं कारण. तुमच्या कागदातलंच वाक्य हाय."

त्यांनी वाचलं.

"सतरा नंबरचा फॉर्म भरायचाच हाय ना तुम्हाला? भरा. माझा भरा. मी शाळेबाहेरचाच हाय, बाहेर काढलेलाच हाय. माझ्यानं तुमचा निकाल खराब होत न्हाई. पण हिचं नाव पटावरून निघणार न्हाई."

"या वयात? दहावीला?"

"वयाची अट हाय?"

"वरची... नाही, वरची नाही."

"मंग भरा."

चहा तसाच राह्यला. साय धरली होती. मी पोरीला म्हणलो, "वर्गात जा." ती गेली. आधी माझ्याकडं बघितलं, हेडमास्तरांकडं न्हाई. मंग गेली.

फॉर्म भरला. सहीच्या जागी मी माझं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर. लाभ्या न्हाई.

आता मी रोज अभ्यासाला बसतो. डोळ्यांना कमी दिसतं. इंग्रजी तर माझ्या बा च्यानं होणार न्हाई. नापास होईन, मला ठाऊक हाय. मंग परत बसेन. लोक हसतात. आडतीवरचे म्हणतात, "आबा, आता काय कलेक्टर होता का?" हसू द्या. पोरीशी हेडमास्तर आता बोलत न्हाईत म्हणे. न बोलू द्या. तिला मी सांगून ठेवलंय, रोज एक 'काहून' विचारून आल्याशिवाय घरी यायचं न्हाई. उत्तर मिळो न मिळो. विचारायचं.

तळहातावरचं दाबणं काही थांबलेलं न्हाई. ते थांबायचं न्हाई. बा त्याच कागदावर अजून अंगठा लावून राह्यला, अन् मला तो कागद फाडता येत न्हाई. तो त्या शाळेच्या कुठल्या कपाटात हाय तेबी माहीत न्हाई. पण हेडमास्तरांच्या कागदावरची सहीची जागा कोरीच राह्यली. त्याच्यावर आमच्या घरचं काहीच उमटलं न्हाई, अन् उमटणार न्हाई.

परीक्षेला मी जाणार हाय. पोरगी फळ्याकडं जाणार हाय, उद्या, परवा, रोज. खडू द्यायचा असंल तर हातात द्या. खाली टाकला तर तिथंच पडू द्या. आमच्या घरातलं कुणी आता वाकणार न्हाई.